डावी शीर

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात रताळी निवडताना प्रेमलाचा फोन वाजला. पडद्यावरचा लांबलचक परदेशी नंबर पाहून तिचा अंगठा आधी तो बंद करायलाच गेला. असले नंबर कर्ज देऊ करणाऱ्यांचे असतात नाहीतर फसवणाऱ्यांचे, उचलायचे नाहीत, असं तिच्या नवऱ्याने, रमाकांतने, बजावून ठेवलं होतं. मग तिला आठवलं की आपली मुलगी सध्या पृथ्वीवर नाही आणि तिचे फोन असेच येतात. हे असं आठवावं लागायचं. मोहना अंतराळ स्थानकावर जाऊन दोन महिने होत आले होते. मराठी, गुजराती सगळ्या पेपरांत तिचे फोटो छापून झाले होते, कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीने फाटकावर फलक लावून तो उन्हाने फिकटही झाला होता, तरी मधूनच ही गोष्ट प्रेमलाला नव्याने कळल्यासारखी व्हायची. "हॅलो," ती म्हणाली आणि थांबली. थांबावं लागायचं. तिचा शब्द वर जाऊन मोहनाचा खाली येईपर्यंत मध्ये एक पोकळी असायची, आणि त्या पोकळीत घाईने बोललं की दोघींचे शब्द एकमेकींवर आदळायचे. "आई, कुठे आहेस? मागे कोण ओरडतंय एवढं?" "मार्केटात. रताळी घेतेय." पोकळी. मग मोहनाचं हसू. आणि त्याच हसऱ्या आवाजात, पण ते हसू जरा जास्त वेळ धरून ठेवल्यासारखं करत, तिने विचारलं, "आई, माझ्या जन्मानंतर तुझा पाय सुजला होता ना? डावा? तेव्हा नक्की काय झालं होतं गं?"

प्रेमलाच्या हातात एक लांबट, मातीने भरलेलं रताळं होतं. ते तिने परत ढिगात ठेवलं, पुन्हा उचललं. "बेन, लेवां छे के नहीं?" भाजीवाला म्हणाला. तिने त्याला हाताने थांब म्हटलं. डावा पाय एकदम जड झाला होता, साडीच्या आत तो आपला एकटाच उभा असल्यासारखा. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुखण्याबद्दल कोणी उगाच फोन करत नाही, तेही तिथून. "पाय भरला होता," ती म्हणाली. घरात त्याला तेच म्हणत. दुसरं नाव तिला कधी कळलंच नव्हतं. "भरला म्हणजे रक्ताची गुठळी झाली होती का? इंजेक्शनं दिली होती?" "दिली होती. बरीच. तुला काय झालंय?" ही पोकळी नेहमीपेक्षा मोठी वाटली. नसेलही. "घाबरू नकोस. मानेतल्या डाव्या शिरेत एक गुठळी सापडलीय. मला काही होत नाहीये, दुखत नाही, काही नाही. इथे एका अभ्यासासाठी आम्ही मानेची सोनोग्राफी करत होतो, त्यात दिसली. औषध सुरू केलंय. बाबांना सांग, पण बाकी कोणालाही नाही हं आई. इथल्या माणसाची तब्येत ही त्याची त्याची गोष्ट असते, बाहेर जाऊ देत नाहीत." "बरं," प्रेमला म्हणाली. "जेवलीस का?" हे विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण मोहना म्हणाली, "जेवले ना. पोळी नि शेंगदाण्याचं लोणी. तरंगत." आणि फोन तुटला, तसा तो नेहमीच तुटायचा, निरोप न घेता.

तिने रताळी घेतली. नंतर पुष्कळदा तिला या गोष्टीचं नवल वाटलं की तिने ती नीट पारखून घेतली, किडकं एक बाजूला काढलं, सुटे पैसे मोजून दिले, कोथिंबीर मागून घेतली. मन कुठेतरी थांबून राहिलं होतं आणि हात आपलं काम करत होते. रिक्षात बसल्यावर तिने आपल्या मानेच्या डाव्या बाजूला बोटं लावली. काही लागलं नाही. नुसती ऊन कातडी, मंगळसूत्राची साखळी, थोडा घाम. या कातडीखाली इतकी वर्षं रक्त डोक्यातून खाली उतरत होतं आणि तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. शाळेत ती भूगोल शिकवायची. नदी उताराने वाहते, हे तिने मराठी शाळेतल्या कितीतरी मुलींना सांगितलं होतं, फळ्यावर खडूने उतार काढून. मोहनालाही. आता मोहना अशा जागी होती जिथे उतारच नव्हता.

रमाकांतने सगळं ऐकून घेतलं. तो रिफायनरीत आयुष्यभर यंत्रांची मापं बघण्याचं काम करून निवृत्त झालेला माणूस. गोष्ट कळली की आधी तिचं चित्र काढायचं ही त्याची सवय. जेवणाच्या टेबलावर पाणी सांडलं होतं, त्यात त्याने बोटाने दोन रेघा ओढल्या. "हे बघ, इथे खाली काय होतं, डोक्यातलं रक्त आपल्या वजनाने खाली येतं. वर वजन नाही. म्हणजे रक्त छातीत, मानेत, डोक्यात पसरतं. शीर फुगते. फुगलेल्या पाइपात प्रवाह मंद होतो, कधी थांबतो, कधी उलटा पण जातो. आणि प्रवाह थांबला की गाळ बसतो." "ती पाइपलाइन नाहीये," प्रेमला म्हणाली. एवढ्या जोराने ती त्याच्याशी पूर्वी कधी बोलली होती ते तिला आठवेना. रमाकांतने बोट उचललं. टेबलावरचं पाणी आपोआप पसरून रेघा बुजल्या. तो उठला, फडकं आणून त्याने टेबल पुसलं, कोपऱ्यांपर्यंत, आणि मग तिच्या समोर न बसता शेजारी येऊन बसला. "मला दुसऱ्या तऱ्हेने कळतच नाही गं," तो म्हणाला.

आणि तेव्हा तिला त्याचे हात आठवले. तिचं बाळंतपण झाल्यावर सगळ्यांनी तिला झोपवून ठेवलं होतं. प्रेमाने. उठू नको, वारा लागेल, पाय खाली टाकू नको. सासूबाई शेगडी पेटवून खोली ऊबदार ठेवायच्या, डिंकाचे लाडू हातात आणून द्यायच्या, आणि कुशीतल्या इवल्याशा मोहनाकडे बघत प्रेमला दिवसचे दिवस पडून होती, हलायचंच नाही अशा सुखात. मग एका सकाळी डावा पाय परका वाटला. पांढरा, चकचकीत, ताणलेला, मांडीपर्यंत. दवाखान्यात नेलं तेव्हा जो तो बघून म्हणाला, बाळंतिणीची सूज आहे, उतरेल. एक तरुण डॉक्टर तेवढा थांबला. नुकताच शिकून आलेला असावा. बारीक काड्यांच्या चष्म्याचा, उंच. त्याने पोटरीवर अंगठा दाबला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पायाकडे नाही, चेहऱ्याकडे. मग तो रमाकांतला बाहेर घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने खिडकीतून तिला रमाकांत स्कूटरला किक वर किक मारताना दिसला. औषध त्या दवाखान्यात नव्हतं. मांडवी दरवाजाजवळच्या एका दुकानात मिळालं, तिथे संपल्यावर दुसऱ्या दुकानात. नंतर घरी आल्यावर कितीतरी महिने, रिफायनरीच्या पहिल्या पाळीला जाण्याआधी, रमाकांत तिच्या पायाला ताणाची पट्टी बांधायचा. बोटांपासून वर. वरून खाली नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तो गुडघ्यावर बसून पट्टी गुंडाळायचा, दर वेढ्याला विचारायचा, घट्ट होतेय का? त्याच्या हातांना कितीही धुतलं तरी तेलाचा एक वास असायचा. त्या वासाचा तिला तेव्हा कंटाळा यायचा. आता टेबलाशी बसून तिने त्याचा हात ओढून घेतला आणि हुंगला. नुसता साबणाचा वास आला. "काय करतेस?" तो म्हणाला. "काही नाही."

दोन दिवसांनी मोहनाच्या जमिनीवरच्या डॉक्टरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मोहनाने परवानगी दिली होती. बाई सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होत्या, आणि रमाकांत मध्ये मध्ये प्रेमलाला मराठीत समजावत होता, जरी तिला समजत होतं. कुठला पाय, किती वर, कोणतं इंजेक्शन, त्याने काही त्रास झाला का, पुढे कधी परत झालं का, आणखी कोणाला घरात? तिने जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. मोहनाच्या सगळ्या तपासण्या वर जाण्याआधी झाल्या होत्या आणि त्यांत काही निघालं नव्हतं. तरी आईच्या रक्ताची एक तपासणी इथेच करून घेता येईल का, असं बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीचे मी आभार मानते. तिने त्या अभ्यासासाठी मान पुढे केली नसती तर आम्हाला हे कळलंच नसतं. प्रेमलाला हे नीट उमगायला वेळ लागला. म्हणजे कोणी आजार शोधत नव्हतं. जगात कुठल्यातरी विद्यापीठात कुठल्यातरी माणसाच्या मनात आलं होतं की वजन नसताना मानेतलं रक्त कसं वाहत असेल, बघू या. नुसतं कुतूहल. त्या कुतूहलासाठी मोहनाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मानेवर यंत्र फिरवलं होतं आणि जमिनीवर बसलेल्या कोणाच्या तरी डोळ्यांना त्या करड्या चित्रात काहीतरी खुपलं होतं. प्रेमलाला त्या माणसाचं नाव विचारावंसं वाटलं. पण डॉक्टरबाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या होत्या.

रक्त द्यायला ती एकटी गेली. बाटलीत उतरणारं ते काळसर लाल बघताना तिला वाटलं, हेच का ते? हेच मी तिला दिलं का? नाक रमाकांतचं, हट्ट सासूबाईंचा असं सगळे म्हणायचे, माझं काय असं कोणी कधी बोललं नव्हतं. कदाचित हेच. या विचाराने ती आठवडाभर वावरली. देवापुढे निरांजन लावताना, कुकरच्या शिट्या मोजताना, दुपारी आडवी पडताना, आत एक बारीकशी कुरकूर चालू असायची, शेजारच्या घरात नळ गळत असावा तशी. बाहेर मात्र सगळीकडे कौतुक होतं. महाराष्ट्र मंडळाचे वसंतराव हार घेऊनच घरी आले. सत्कार ठेवायचाय, तुम्ही दोघांनी व्यासपीठावर बसायचं, मोहनाचा दोन मिनिटांचा संदेश मिळाला तर सोन्याहून पिवळं. "कशी आहे आमची मोहना? मजेत ना?" "मजेत," प्रेमला म्हणाली. रमाकांत हाराकडे बघत होता. "तिथे म्हणे माणूस उंच होतो? तब्येत सुधारते?" "हो, तसं म्हणतात." वसंतराव चहा पिऊन, मोहना आठवीत असताना मंडळाच्या नाटकात कशी शब्द विसरली होती ती गोष्ट सांगून, पुन्हा पुन्हा "आपल्या बडोद्याची पोर" म्हणून गेले. बडोद्यातलं एकही मराठी घर त्यांना माहीत नाही असं नव्हतं. ते चपला घालत होते तेव्हा प्रेमलाने विचारलं, "वसंतराव, पूर्वी सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर होते. मोहिते आडनाव. उंच." "पिलाजीराव? आहेत ना. छाणीला असतात मुलाकडे. पंचाहत्तरीला आलेत, पण ठणठणीत. का हो?" "सहज."

त्या सुमारास मोहनाचा पुन्हा फोन आला होता. इंजेक्शनं ती स्वतःच पोटावर घेत होती. "गंमत सांगू? बाटलीतला बुडबुडा वर जात नाही. औषध नि हवा एकमेकांत बसून राहतात. सुई घातली तर कधी औषध येतं, कधी नुसती हवा. चांगलं कौशल्याचं काम आहे." "पाय उशीवर ठेवून झोपत जा," प्रेमला बोलून गेली. पोकळी. "आई, इथे पाय वर करायची सोय नाही. वरच नाहीये." दोघी हसल्या, एकाच वेळी, म्हणजे खरं तर प्रेमला हसून संपल्यावर तिचं हसू आलं. मग मोहनाने सांगितलं की स्थानकावर इंजेक्शनांचा साठा बेताचाच आहे. कोणाला इतकं लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. म्हणून मात्रा थोडी कमी केलीय, पुढच्या मालवाहू यानातून गोळ्या येतायत. यान यायचं त्या आठवड्यात ते आलं नाही. उड्डाणाच्या जागी वादळ होतं. मग काहीतरी बिघाड. रमाकांतने फोनवर तिथलं हवामान बघायला सुरुवात केली. बडोद्यात रखरखीत ऊन पडलेलं असताना तो सकाळी चहा पिताना सांगायचा, "आज पण ढग आहेत." आणि प्रेमला खिडकीतून निरभ्र आकाशाकडे बघायची. गुठळी सुटली तर कुठे जाते, हे तिने त्याला विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. दोघांनाही माहीत होतं, कारण त्या तरुण डॉक्टरने चाळीस वर्षांपूर्वी रमाकांतला बाहेर नेऊन तेच सांगितलं होतं. छातीत जाते.

यान लांबलं त्याच दिवसांत एका दुपारी ती छाणीला गेली. रमाकांतला बरोबर चल म्हणाली नाही. तिला नेमकं काय हवं होतं तेही तिला सांगता आलं नसतं. डॉक्टर मोहिते झोपाळ्यावर बसले होते. पाय जमिनीला टेकवून अगदी हळू झोका देत. चष्म्याच्या काड्या आता जाड होत्या, उंची कुठेतरी खांद्यांत दुमडून गेली होती. सुनेने फुदिना घातलेला चहा आणून दिला. प्रेमलाने आपलं नाव, साल, दवाखाना, बाळंतपण, डावा पाय असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "नाही आठवत हो. खोटं कशाला बोलू? पुष्कळ पाय पाहिले." प्रेमलाने चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिच्या मनात ते कायम तिच्याकडे बघत उभे होते, अंगठा पोटरीवर ठेवून. तिने मनातल्या मनात त्यांना मोहनाचे निकाल दाखवले होते, मोहना परदेशी शिकायला गेली ते सांगितलं होतं. आणि त्या सगळ्या काळात ते इथेच, पाच-सहा मैलांवर, तिला न ओळखता म्हातारे होत होते. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट काहीतरी सैल झालं. ओळख नसताना त्यांनी एवढं केलं होतं. लक्षात ठेवायचीही त्यांना गरज पडली नव्हती. "मला आठवतं," ती म्हणाली, "तेवढं पुरे आहे." ते हसले. मग म्हणाले, "बघू पाय." ती संकोचली. पण ते झोपाळ्यावरून उठून, सुनेने आणलेल्या वेताच्या मोढ्यावर कष्टाने बसले होते. तिने निऱ्या थोड्या वर धरल्या. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, धरला, सोडला, आणि पडलेला खळगा भरून येईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या अंगठ्याची कातडी कागदासारखी झाली होती, पण दाब तोच होता. तिच्या पायाने तो ओळखला.

"चांगला सांभाळलाय," ते म्हणाले. "कोणी सांभाळला?" "मिस्टरांनी." "त्यांना सांगा." मग पुन्हा झोपाळ्यावर बसून त्यांनी विचारलं, "आता काय झालंय? एवढ्यासाठी कोणी येत नाही." प्रेमलाने पदर सारखा केला. "माझ्या जवळच्या एकीला झालंय. मानेत. सापडलंय वेळेवर, इंजेक्शनं चालू आहेत." "चालते फिरते का?" "चालता येत नाही तिला. तिथे." झोपाळा थांबला. कोपऱ्यातल्या टीपॉयवर वर्तमानपत्रांची चळत होती. तिच्यात कुठेतरी मोहनाचा फोटो असणारच. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "हं. लांब आहे का?" "लांब आहे." "मग मी काही विचारत नाही आणि तुम्ही काही सांगू नका. पण एक ऐका. औषध गुठळी विरघळवत नाही. वाढू देत नाही, एवढंच. विरघळवायचं काम शरीर करतं, हळूहळू. आणि एक शीर अडली की आजूबाजूच्या बारीक शिरा वाट काढतात. कोणी शिकवत नाही त्यांना. मी कोणाला बरं केलं असं मला कधी वाटलं नाही. मी फक्त वेळ मिळवून द्यायचो." जरा थांबून ते एकदम मिस्कीलपणे म्हणाले, "आणि उपकार मानायचेच असतील तर डुकराचे माना." "कोणाचे?" "डुकराचे. ते इंजेक्शन डुकराच्या आतड्यांपासून करतात. तेव्हाही, आताही. तुमच्या सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. सोवळ्यातल्या होत्या ना?" ते आठवत नाही म्हणाले होते, पण एवढं बरोबर बोलले. की तेव्हाच्या सगळ्याच सासवा सोवळ्यातल्या होत्या?

परतताना रिक्षा एका नाल्याच्या कडेने गेली. पुढे ट्रक अडकला होता म्हणून थांबली. नाल्यात काळ्या चिखलात एक डुकरीण आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं ढुशा देत होती. एरवी प्रेमलाने नाकाला पदर लावला असता. ती बघत राहिली. जाड, केसाळ, चिखलाने माखलेलं ते पोट श्वासाबरोबर वर खाली होत होतं. त्या पोटात जे आहे तसलंच काहीतरी चाळीस वर्षांपूर्वी माझ्या रक्तात फिरलं, मी जगले, मोहना माझ्या दुधावर वाढली, आणि आज ते तिच्याही रक्तात फिरतंय, आकाशात. सासूबाई, सोवळं, चातुर्मास, सगळं राहिलं बाजूला. तिचे डोळे भरून आले आणि तिला हसूही येत होतं. "बाई गं," ती ओठांतल्या ओठांत त्या डुकरिणीला म्हणाली, "तुझे फार उपकार आहेत." रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. तिने काही समजावलं नाही. हात जोडले नाहीत, एवढंच.

घरी आल्यावर तिने रमाकांतला निरोप दिला. पाय चांगला सांभाळलाय म्हणतात. तो संध्याकाळभर घरातलं एकेक घड्याळ काढून पुसत बसला. यान त्यानंतर निघालं आणि पोचलं. रमाकांतने ते फोनवर पाहिलं. पांढऱ्या नळकांड्यासारखी वस्तू अतिशय सावकाश दुसऱ्या वस्तूला चिकटताना. त्यात गोळ्या होत्या. प्रेमलाच्या रक्ताचा निकालही आला. काही दोष नाही. म्हणजे तिने मोहनाला ते दिलं नव्हतं. ते त्या जागेचं होतं, उतार नसण्याचं होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि किंचित एकटंही. त्या आठवड्याभरात आपल्या दोघींत एक धागा असल्याची तिला सवय होत चालली होती, मग तो आजाराचा का असेना. हे तिने मोहनाला सांगितलं तेव्हा पोकळीनंतर मोहना म्हणाली, "धागा आहेच. डॉक्टर म्हणाल्या, आईला ते औषध सोसलं होतं हे कळल्यावर त्यांना जरा धीर आला." हे खरं होतं की आईसाठी रचलेलं, प्रेमलाने शोधलं नाही. तिने ते घेतलं.

पुढचे महिने मोहना वर राहिली. लवकर खाली आणायचं का यावर जमिनीवर बराच खल झाला, आणि गुठळी लहान होत चाललीय हे बघून तिचं काम पुरं होऊ द्यायचं ठरलं. सत्कार झाला. प्रेमलाला बोलायला सांगितलं तेव्हा तिने ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि एवढंच म्हणाली की माझ्या मुलीला वर ठेवायला किती माणसं खाली जागी आहेत ते मला माहीत नाही, त्यांतलं एकही माणूस मला ओळखत नाही, आणि मी रोज सकाळी त्यांच्यासाठी एक दिवा लावते. लोकांना ते आईचं बोलणं वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. रमाकांत खाली मान घालून बसला होता, कारण त्यांच्यात त्याला एकट्यालाच ती कशाबद्दल बोलतेय ते कळत होतं.

उतरायच्या काही दिवस आधी गोळ्या बंद केल्या. उतरताना कुठे मार लागला आणि रक्त थांबलं नाही तर, म्हणून. म्हणजे ते काही दिवस ती औषधाविना होती, आणि ते शेवटचे दिवस प्रेमलाने कसे काढले ते तिला नंतर सांगता येईना. मग टीव्हीच्या पडद्यावर, समुद्रावर मोठमोठ्या छत्र्या उघडल्या, त्यांच्याखाली एक जळलेलं टोपलं डुलत डुलत आलं, पाण्यात बसलं. माणसं होड्यांतून धावली. दार उघडून एकेकाला बाहेर काढलं. तिसरी मोहना होती. तिला बसतं करून नेत होते. तिने हात हलवला. हात तिला जड जात होता हे प्रेमलाला दिसलं. इतकी वर्षं ज्याला ती ओझं म्हणत आली तेच वजन आता मोहनाच्या हाताला, पायाला, मानेतल्या रक्ताला खाली ओढत होतं, आणि त्या ओढीबद्दल तिला इतकं कृतज्ञ वाटलं की ती खुर्चीतून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला दोन्ही तळवे टेकून नुसती उभी राहिली. पाय जमिनीवर होते. डावासुद्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी, वरणाला फोडणी देऊन झाली होती तेव्हा, फोन आला. या वेळी नंबर साधा होता आणि मध्ये पोकळी नव्हती, त्यामुळे दोघी सुरुवातीला चुकत राहिल्या, उगाच थांबत राहिल्या. "आई, मी तपासणीच्या टेबलावर आहे. शीर मोकळी झालीय. नुसता एक बारीक डाग दिसतोय भिंतीला, तो पण जाईल म्हणतायत. गोळ्या परत घ्यायची गरज नाही." प्रेमलाने हातातली पळी खाली ठेवली. "आई? ऐकतेयस ना? थांब, इथली तंत्रज्ञ मुलगी म्हणतेय, आईला शिरेतल्या रक्ताचा आवाज ऐकव. फोन स्पीकरवर कर." खरखर झाली. कोणीतरी काहीतरी सरकवलं. आणि मग तो आवाज आला. मोठा, भरलेला, घोंगावत येणारा आणि जरा ओसरून पुन्हा भरणारा, श्वासाच्या लयीत. प्रेमलाने गॅस बंद केला. मोहना पोटात होती तेव्हा असली यंत्रं बडोद्यात नव्हती. सुईणबाई पोटाला नळी लावायची, आपलं आपणच ऐकायची आणि ठीक आहे म्हणायची. ते ठीक आहे प्रेमलाने ऐकलं होतं, आवाज कधीच नाही. मोहनाला ती आज पहिल्यांदाच आतून ऐकत होती.

रमाकांत अंघोळ करून, टॉवेलने कान पुसत बाहेर आला. टेबलावर ठेवलेल्या फोनकडे बघून तो थबकला. "वारा सुटलाय का तिकडे?" त्याने विचारलं.

"वारा नाही," प्रेमला हळूच म्हणाली. "मोहना आहे ती."

तो पुढे आला आणि तिच्या शेजारी वाकला. दोघं तशीच उभी राहिली, आपल्या श्वासाचाही आवाज मध्ये येऊ नये अशा बेताने.